‘घाबरवणाऱ्या’ लेखाच्या निमित्ताने: एका प्रतिक्रियेला उत्तर

अनामिक महोदय,

नाकाचा वाकडा पडदा सरळ करण्याच्या ऑपरेशनवर, म्हणजे सेप्टोप्लास्टीवर, मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली: "डॉक्टर नसताना असलं रडगाणं गाऊन लोकांना घाबरवू नका. हल्ली पॅक घालतच नाहीत. माझा भाचा तिसऱ्या दिवशी लोकलने ऑफिसला गेला. खर्च आणि विमा यावर एक ओळ नाही." शेवटी हात जोडलेली इमोजी. एवढं बोलून झाल्यावर नमस्कार कशाला?

पॅकबद्दल, म्हणजे रक्त थांबावं म्हणून ऑपरेशननंतर नाकात गच्च भरतात त्या बोळ्याबद्दल, तुमचं निम्मं बरोबर आहे, तेवढं देऊन टाकते. बरेच सर्जन आता पडद्याला आतून टाके घालतात किंवा सिलिकॉनच्या पट्ट्या बसवतात आणि पॅक टाळतात. पण "घालतच नाहीत" हे कुठून आणलंत? जिथे घालतात तिथे तो साधारण २४ ते ४८ तास राहतो, पट्ट्या आठवडाभर. झालं समाधान?

आता "रडगाणं". मी डॉक्टर नाही हे लेखातच लिहिलंय, वाचायचे कष्ट घेतले असतेत तर दिसलं असतं. मी गिरगावातल्या चाळीत तोंडाने श्वास घेत वाढले. वाफारे झाले, ओव्याची पुरचुंडी झाली, नाकात घालायचे थेंब झाले, घोरण्यावरून शेजाऱ्यांचे टोमणेही झाले. शेवटी ऑपरेशन. आदल्या रात्रीनंतर काही खायचं नाही, पूर्ण भूल देणार, तासाभराचं काम, इतकं सांगितलं होतं. शुद्धीवर येताना नाक पार बंद असेल, हे कोणी बोललं नाही. गुंगीत मला वाटलं, श्वासच थांबला. हात नाकाकडे गेला तो सिस्टरने धरून ठेवला. घोट गिळला की कानात दडे बसायचे. पोटात गेलेलं रक्त उलटीतून काळपट पडलं तेव्हा आई मटकन खालीच बसली. यातलं काहीच जगावेगळं नव्हतं, फक्त आम्हाला ठाऊक नव्हतं. माणूस घाबरतो तो अशाने, महोदय.

पुढे धाकट्या भावाची पाळी आली. त्याला सगळं आधीच सांगून ठेवलं: ओठांना व्हॅसलीन लाव, डोकं उंच ठेवून झोप, शिंक आली तर तोंड उघडं ठेव, नाक शिंकरू नकोस, वाकून बादली उचलू नकोस, खपल्या उकरू नकोस, डॉक्टर सांगतील तसं सलाईनने नाक धू. सुरुवातीला लालसर पाणी गळेल, सुजेमुळे काही दिवस चोंदल्यासारखं वाटेल, ते चालायचंच. पण मोकळं व्हायला लागलेलं नाक अचानक दोन्हीकडून गच्च झालं, ठणका वाढला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. पडद्यात रक्त साकळलेलं असू शकतं, आणि ते तसंच राहिलं तर आतली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, खराब होऊन नाकाचा दांडा खाली बसतो. नेहमीचं काय हेच ज्याला माहीत नाही, त्याला वेगळं काय घडतंय ते कसं कळणार? भाऊ घाबरला वगैरे नाही. पॅक असताना गार दूध पीत मॅच बघत बसला होता.

तुमच्या भाच्याचं कौतुक आहे. कुठली लोकल, ते मात्र लिहिलं नाहीत. विरार फास्टच्या लेडीज डब्यात मी रोज उभी असते. तिथे धडधाकट नाकालाही कोपर बसतं. आठवडाभर घरी थांबा असं डॉक्टर सांगतात ते काही सुट्टीची हौस म्हणून नाही. थकवा असतो, धावपळीने रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं. भाचा पोलादी असेल, सगळे नसतात.

खर्च हा लेखाचा विषयच नव्हता. पालिकेच्या आणि खासगी रुग्णालयांच्या बिलात जमीन-अस्मानाचा फरक असतो, कुठला आकडा लिहू? विम्याचं म्हणाल तर निव्वळ दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनला तो सहसा मिळत नाही, आणि पडद्याच्या ऑपरेशनला बऱ्याच पॉलिसींत सुरुवातीला थांबावं लागतं. पॉलिसीचा कागद तुमच्याच कपाटात असेल, काढून वाचा.

पुढच्या वेळी नाव घालून लिहा. भाच्यालाच लिहायला सांगितलंत तर आणखी बरं. ऑपरेशन त्याचं झालंय.