आडनाव कळलं, जात कळेना

अंदमानहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायला बूट चढवला, तर आतून कुणीतरी माझा अंगठा धरला. बूट उपडा केला. फरशीवर लिंबाएवढा मळकट शंख पडला. चिऊच्या नावानं मी शंख करणार, तेवढ्यात शंखच चालायला लागला.

चिऊ शपथेवर म्हणाली, "मी नाही आणला, तोच आला." खरंही असेल. शेवटच्या रात्री बूट मीच वाळूत विसरलो होतो.

बायकोनं एकच प्रश्न विचारला, आणि तोच नेमका अडचणीचा निघाला. "याला पाण्यात ठेवायचं की बाहेर?" शंखात राहणाऱ्या खेकड्यांत समुद्रातले बाहेर ठेवले तर मरतात आणि जमिनीवरचे बादलीत बुडून मरतात. पण हा चार दिवस बुटात, त्यातही माझ्या बुटात, जिवंत राहिलेला. म्हणजे जमिनीवरचाच. अशांच्या गटाचं शास्त्रीय नाव सीनोबिटा. लात्रेय नावाच्या फ्रेंच माणसानं 1829 मध्ये हे नाव दिलं. अर्थ, मठात राहणारा.

शेजारचे अप्पा हे ऐकून म्हणाले, "हे झालं आडनाव. पुढचं बोला की."

आपल्याकडे आडनाव कळलं की माणसं पुढचं सगळं मनातल्या मनात जुळवून मोकळी होतात. शास्त्रज्ञही आडनाव आधी लावतात, पण तिथं खरी भानगड आडनावानंतर सुरू होते. अंदमानात या एका आडनावाची निरनिराळी मंडळी नांदतात. पर्लॅटस लालभडक, अंगावर पांढरे दाणे. ब्रेव्हिमॅनस जांभळा, डोळ्यांचे दांडे गोल, डावा पंजा फुगीर. रुगोससचे दांडे चपटे आणि डाव्या पंजावर तिरक्या रेघांची रांग, गोधडीला टाके घातल्यासारखी. ते टाके घासून तो किरकिर आवाजही काढतो.

मग काय, डावा पंजा बघायचा. पण डावा म्हणजे कुणाचा? तो माझ्याकडे तोंड करून बसलेला. माझ्या उजवीकडचा तो त्याचा डावा, हे मला पटलं, आईला पटेना. वाद मिटवायला चिऊनं त्याच्याशेजारी गाल टेकवून सेल्फी काढला. फोटोत मोठा पंजा स्पष्ट उजवा! मी हादरलो. मोठा पंजा उजवा असतो ते खेकडे वेगळ्याच घराण्याचे, पॅग्युरिड, आणि ते समुद्रातले. रात्री अकरा वाजता खडेमीठ कालवलेली बादली तयार झाली. तेवढ्यात बायकोनं फोटोत चिऊच्या टी-शर्टवरची अक्षरं वाचायचा प्रयत्न केला. ती उलटी होती. एका टी-शर्टानं जीव वाचवला.

दुसऱ्या दिवशी आईचं पोथीचं भिंग घेऊन जमिनीवर पालथा झालो. डोळ्यांचे दांडे चपटे की गोल? तो बाहेर डोकावायचा, माझा एवढा थोरला डोळा बघायचा आणि आत जाऊन मोठ्या पंजानं दार लावून घ्यायचा. मीही तेच केलं असतं. शेवटी आईनं शेंगाचटणी समोर ठेवली. "खाईल तर येईल बाहेर." आला, मिशा फिरवल्या आणि वळून गेला. सोलापूरचा नाही, एवढं पक्कं झालं. नुसता शेंगदाणा मात्र त्यानं नीट धरून कुरतडला, आणि तेवढ्यात मी बघून घेतलं. दांडे चपटे.

राहिला रंग. रुगोससचा रंग वाचायला घेतला: पांढरा, करडा, तपकिरी, गुलाबी, हिरवट, काळपट. म्हणजे ओळखपरेडीला पोलिसांनी सांगावं, चोरानं कुठल्यातरी रंगाचा शर्ट घातला होता.

इकडे मे महिना, पारा त्रेचाळीसवर. या खेकड्यांचे कल्ले ओलसर राहिले तरच श्वास चालतो. म्हणून टबावर ओला टेरी टॉवेल, एका वाटीत गोडं पाणी, दुसऱ्या वाटीत समुद्री मिठाचं. आमच्या नळाला चार दिवसांआड पाणी येतं, आणि पाहुण्याला दोन चवींचं लागतं.

पाचव्या दिवशी पहाटे आईची हाक आली. तशी हाक फक्त पाणी आल्यावर येते, म्हणून मी कळशी घेऊनच धावलो. देवघरात, अभिषेकाच्या शंखापाशी तो बसला होता. पंजा आत घालून माप घेत होता, दाराशी, मग खोलवर, घर बघायला आलेल्या भाडेकरूसारखा. आणि एकदम बाहेर आला. अख्खा. मऊ, गुलाबी, वेटोळं झालेलं पोट, मागचे चिमुकले पाय, आणि डाव्या पंजावर टाके. तिरके. मी मोजायला वाकलो, तेवढ्यात पोट झोकून तो देवाच्या शंखात गेला आणि दार लावलं.

"रुगोसस!" मी ओरडलो. "1837 साली नाव दिलंय त्याला!"

"पूजेचा शंख आहे तो," आई म्हणाली.

त्याला ओढून काढायचं नसतं. स्वतःहून सोडेल तेव्हाच. पोर्ट ब्लेअरला असणारा मेहुणा पुढच्या महिन्यात येतोय. तो त्याला शंखासकट परत नेऊन किनाऱ्यावर सोडणार आहे. तोवर अभिषेक पळीनं चाललाय. रिकाम्या झालेल्या मळकट शंखाचं काय करायचं, असं मी विचारायच्या आत आईनं तो घासूनपुसून देवघरात मांडला होता. हळदकुंकूही वाहून झालं होतं.