रायट आणि होल्डान

नखांतलं काळं अजून गेलेलं नाही. डिझेल झालं, कपड्यांची पावडर झाली, लिंबाची साल झाली. जेवायला बसलो की बोटं दिसतात आणि कंडक्टरमामांचा राग नव्यानं येतो.

मागच्या आठवड्यात गोव्याला न्यायची भाजी भरून चोर्ला घाट उतरताना पिकअपचं पुढचं चाक किंचाळायला लागलं. ब्रेकचे पॅड झिजत आले की त्यांच्यावरची पत्र्याची जीभ डिस्कला घासते आणि ओरडते, ही मुद्दाम केलेली सोय. एवढं मला ठाऊक होतं. गॅरेजवाला म्हणाला, "गुरुवारी बघू." कुठला गुरुवार ते सांगितलं नाही, मजुरीचा आकडा मात्र ताबडतोब सांगितला. मी पॅडचा डबा काखेत मारून घरी आलो.

रविवारी सकाळी पाऊस जरा उघडला. मागच्या चाकांना दगड लावले, नट ढिले केले, जॅक चढवला, जॅकवर भरवसा नको म्हणून चेसीखाली स्टेपनी सरकवली. चाक काढतोय तोवर पाठीमागून प्लॅस्टिकची खुर्ची चिखलात रुतल्याचा आवाज आला.

"काय करालास रे तम्मा?"

मामा तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. तीस वर्षं गाडीच्या मागच्या दारात. ब्रेक लागला की पुढे झुकायचं, सुटला की मागे, एवढाच त्यांचा ब्रेकशी संबंध. गाडी मात्र आपणच चालवली अशी त्यांची पक्की समजूत आहे, कारण ते 'रायट' म्हटल्याशिवाय ती हललीच नाही आणि 'होल्डान' म्हटल्याशिवाय थांबली नाही.

"ब्रेक बदलालोय मामा."

"बदल की. खरं आधी बॅटरी काढ."

"बॅटरीचा काय संबंध?"

"संबंध नाही, खरं काढलेली बरी."

(आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याचा माझा मेहुणा दर वेळी फसतो. त्याला वाटतं, बेळगावकडचा माणूस प्रत्येक वाक्याआधी शपथ घेतो.)

कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचा, खालचा बोल्ट काही केल्या फिरेना. मी पान्यावर पाय देऊन उभा राहिलो, तर मामांनी हौद्यावर दोन थापा मारल्या. "रायट!" पाना सटकला, माझी दोन बोटं सोलली. "होल्डान!" मामा म्हणाले. कधी? तर बोटं सोलून झाल्यावर.

कॅलिपर डब्याच्या झाकणासारखा वर उचलला आणि जुने पॅड काढले. बाहेरच्याला अजून करंगळीच्या नखाएवढा मसाला होता, आतला पार लोखंडाला टेकलेला. म्हणजे ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्यातली एक गंजून अडकली होती. आतला एकटाच राबत होता, बाहेरचा नुसता सोबतीला. मी मान वर करून खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची चहा पीत होती. माझा चहा.

पिन घासून ग्रीस लावलं. नवे पॅड जाड, म्हणून त्यांना ढकलणारा पिस्टन मागे दाबावा लागतो. सी-क्लॅम्प लावून आवळायला लागलो. पिस्टन मागे गेला की ब्रेक ऑईल वर डबीत चढतं, तेव्हा तिकडे लक्ष हवं. लक्ष होतं मामांच्या गोष्टीत. संकेश्वरच्या बाजाराला कोंबड्यांचं तिकीट काढायला नकार देणारी एक बाई होती, तिनं शेवटी कोंबडी मामांच्याच बॅगेत बसवली, पुढच्या स्टॉपला चेकर चढला... आणि डबी भरून ऑईल बॉनेटखालून मडगार्डवर ओघळलं. हे ऑईल रंग खातं. मी बादली घेऊन धावलो.

"वाढलं की रे!" मामा आनंदले. "फायदाच झाला!"

तोपर्यंत प्रेक्षक जमले होते. शाळेची पोरं, दूधवाला, शेजारची काकू. ती मामांनाच विचारत होती, "अजून किती वेळ लागेल हो?" आणि मामा म्हणत होते, "आता माझं होतच आलंय."

दुसरं चाक रागातच झालं. नट आवळले, जॅक उतरवला, दगड काढले. आता चूक माझी, कबूल करतो. पिस्टन मागे दाबल्यावर पेडल दहा-वीस वेळा मारून घट्ट करायचं असतं, त्याशिवाय गाडी हलवायची नाही. मी ते करणार होतो. देवाशपथ करणार होतो. हँडब्रेक सोडून स्टार्टर मारला, तेवढ्यात हौद्यावर दोन थापा पडल्या.

"रायट!"

आमची गल्ली उताराची. गाडी निघाली. पेडल दाबलं ते थेट तळाला, पायाखाली काहीच नाही. हँडब्रेक ओढेपर्यंत पुढचं चाक काकूंच्या उकिरड्यात शिरलं. शेणात, मऊ, बिनआवाजी.

"होल्डान," मामा लांबून म्हणाले.

काकू मला बोलल्या. मामांना नाही. मामांनी त्यांना समजावलं, "जाऊ दे गे, नवीन आहे अजून." मी! पंधरा वर्षं घाट उतरतोय मी!

मग पेडल मारून कडक केलं, गल्लीत चार फेऱ्या मारून ब्रेक बसवले. मस्त लागतात आता. संध्याकाळी कट्ट्यावर मामा सांगत होते, "पिकअपचा ब्रेक मी बसवलो की. पोरगं होतं हाताखाली."

सोमवारी पहाटे त्यांना पेन्शनच्या कामाला बेळगावात जायचं होतं. मी गाडी त्यांच्या दारात थांबवून म्हटलं, "चला मामा, बसा."

मामांनी एकदा पुढच्या चाकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"नको रे. बस येईलच आता."