निमंत्रणपत्र लवकर द्या

परदेशातल्या संशोधन परिषदांना जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या व्हिसाबद्दलच्या लेखात 'पेपर स्वीकारला गेला की लगेच व्हिसाच्या मागे लागा' असं म्हटलंय. सल्ला बरोबर आहे, पण खरी अडचण त्याच्या आधीच सुरू होते. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो. नियमानुसार निर्णय 15 दिवसांत व्हायला हवा, पण तो 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. त्यात अपॉइंटमेंट मिळायला लागणारा वेळ वेगळाच. आणि परिषदेचे निकाल कधी लागतात? पुष्कळदा जेमतेम दोन-अडीच महिने आधी! मग विद्यार्थ्याने करायचं काय?

व्हिसासाठी आयोजक देतात त्या निमंत्रणपत्राबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. 'आपलं स्वागत आहे' एवढंच लिहिलेलं पत्र फारसं उपयोगाचं नाही. पासपोर्टवर आहे तसंच नाव, पेपरचं शीर्षक, परिषदेच्या तारखा आणि मुख्य म्हणजे खर्च कोण करणार, हे त्यात स्पष्ट हवं. स्वतःच्या विद्यापीठाचं रजेचं पत्रही जोडा, कारण तुम्ही परत येणार याची खात्री अधिकाऱ्याला कागदावरूनच पटवायची असते. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो, तो शेवटच्या दिवसापर्यंत ठेवू नका.

आयोजकांनीही थोडं हलावं. आयसीएलआर ही मशीन लर्निंगची (एआयमधली) परिषद 2020 साली अदिस अबाबाला ठरली होती (कोविडमुळे ती ऑनलाइन झाली), म्हणजे परिषद युरोप-अमेरिकेबाहेर नेणं अशक्य नाही. तेही जमत नसेल तर ज्यांना व्हिसा लागतो त्यांचे निकाल तरी आधी कळवा. व्हिसा नाकारला गेला तर नोंदणी शुल्क परत मिळायलाच हवं.