पान उलटा की!

काल दाताच्या डॉक्टरकडे वेटिंगमध्ये एका अनोळखी काकांनी मला वाचनावरून झापलं. दाढ ठणकायची थांबली, हे मात्र अजून ठणकतंय.

नंबराला वेळ होता म्हणून मोबाईलवर एक खूनकथा उघडली. ४१ टक्के. ई-बुकात फॉन्ट मोठा केला की पानं वाढतात, म्हणून टक्के दाखवतात, आणि आपण शाळेतल्यासारखं मान खाली घालून बसायचं. तर इन्स्पेक्टर बंगल्याच्या दारात पोचला आणि मला वाटलं, फॅमिली ग्रुपवर काही आलंय का बघावं. कोणाचा तरी वाढदिवस होता, तेरा जणांनी केक टाकलेला, मीही टाकला. परत आले तर इन्स्पेक्टर अजून दारातच. मग बॅटरी बघितली. मग उगाचच हवामान.

"अहो ताई, पुस्तकात चला ना परत."

शेजारच्या खुर्चीत काका. गालाला रुमाल, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान माझ्या खांद्यापाशी.

"तुम्ही वाचताय?"

"मघापासून. तो आत गेला का तेवढं बघू दे."

गेले मी मुकाट्याने पुस्तकात. आता मी अर्ध्या पानावर असताना काका "हं" म्हणायचे, म्हणजे उलटा. एका शब्दावर बोट दाबून डिक्शनरी उघडली, तर ती त्यांच्या नेमकी आड आली. "कशाला ते? पुढच्या ओळीत कळतोय की अर्थ." कळत होता, हेच तर दुखणं.

"काका, स्क्रीनवर लक्षच लागत नाही हो. अभ्यास झालेत."

झालेत खरंच. २०१८ साली ५४ अभ्यास एकत्र तपासले, वाचक १,७०,००० च्या वर, आणि निघालं की कागदावरचं जास्त समजतं. हे मी वाचलं स्क्रीनवर, तेही अर्धंच, कारण घरी येऊन नीट पाहिलं तर तो फरक माहितीच्या मजकुरात होता, गोष्टीत नव्हताच. म्हणजे माझा एकुलता एक साक्षीदार फितूर.

"मीपण स्क्रीनवरच वाचतोय की," काका म्हणाले. तिरकं, दोन फुटांवरून, दाढ दुखत असताना.

नोटिफिकेशन बंद करा म्हणतात. केलीत हो, तेव्हापासून मीच दर दोन मिनिटांनी फेरी मारून येते. ई-इंकचं, म्हणजे कागदासारख्या स्क्रीनचं, पुस्तकं वाचायचं रीडरही घेतलंय, त्यात ना लाइट डोळ्यात जातो ना मेसेज येतात, आणि चार्जिंग आठवडेच्या आठवडे टिकतं. त्यामुळे चार्ज करायची सवयच नाही आणि ते कायम मेलेलं. उरला मोबाईल. ऑफिस त्यातच, बँक त्यातच, मुलाची शाळा त्यातच, आणि त्याच डबड्यात म्हणे शांतपणे पुस्तक वाचा. कागदी पुस्तक वाचताना मधेच ओटीपी कधी आला नव्हता.

काकांना हाक आली. उठताना गालावरचा रुमाल काढून हळूच म्हणाले, "माळ्याने मारलंय. लिहून ठेवा." जेमतेम दोन टक्के वाचले होते त्यांनी.

माळी? कुठला माळी? पुस्तकात सर्च मारला. माळी २३ ठिकाणी होता. त्यातली १९ माझी वाचून झालेली.