‘पोरीला अनवाणी चालवा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया मी आधी एकटीने वाचली, मग लेकीला मोठ्याने वाचून दाखवली. तिच्या सपाट तळपायांबद्दल आणि चिअरलीडिंगबद्दल मी लिहिलेल्या लेखावर तुमचं म्हणणं असं: सपाट पाय हा आजार नव्हे, बुटात गाद्या (इनसोल) घालून आम्ही चांगला पाय पांगळा करतोय, पोरीला अनवाणी चालवा, आणि मुळात क्रिकेटच्या मैदानाकडेला नाचण्यासाठी पायाचे एवढे हाल कशाला? पंचवीस वर्षं मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवलेला माणूस पायाबद्दल बोलतो तेव्हा ते वरवर वाचून सोडून देता येत नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझी चूक. ‘इनसोलमुळे तिच्या पायाला कमान येतेय’ असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. इनसोल कमानीला खालून टेकू देतो. बूट काढला की टेकू गेला, पाय होता तसाच. ते वाक्य मी आज बदललं.

अनवाणी चालण्याबद्दल तुमच्या बाजूने बोलणारा चांगला पुरावा आहे. १९९२ साली मणिपालच्या डॉक्टरांनी ४ ते १३ वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून निष्कर्ष छापले. पायात काही घालणाऱ्या मुलांत सपाट पायाचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, अनवाणी मुलांत २.८ टक्के. पण हा हिशेब मुख्यतः लहान वयाचा, पाय घडण्याच्या काळाचा आहे. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, आणि घरात तीही अनवाणीच असते. इथे डॅलसमध्येही आमच्या चपला दाराशीच निघतात. तरी तिचा पाय दुखत होता. सपाट पाय हा आजार नव्हे हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. दुखणारा पाय मात्र तपासावाच लागतो, मग तो सपाट असो की उंच कमानीचा.

नाचाबद्दल थोडक्यात. आयपीएलमध्ये दिसतं ते वेगळं. चिअरलीडिंग खेळ म्हणून करणारी ही मुलं मॅटवर अडीच मिनिटांचा संच सादर करतात. त्यात कोलांट्या असतात, उड्या असतात, माणसांचे मनोरे असतात. ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. माझी मुलगी फ्लायर आहे, म्हणजे वर उभी राहणारी. दहीहंडीचा सगळ्यात वरचा थर पाहिलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको.

आता मूळ मुद्दा, जो पहिल्या लेखात मला नीट मांडता आला नाही. ‘लिबर्टी’ नावाच्या स्टंटमध्ये फ्लायर एकाच पायावर उभी असते, आणि तो पाय असतो खालच्या मुलींच्या तळहातांवर. एकीने टाच आणि चवडा धरलेला, दुसरीचा हात मधे पावलाखाली, तिसरी मागून घोटा धरून भार वर ओढतेय. तोल सांभाळायचा तो खालच्यांनी. वरचीने गुडघा ताठ ठेवायचा, अंग आवळायचं आणि पाऊल अजिबात हलवायचं नाही. माझ्या मुलीची कमान भार पडला की आत कोसळायची. जमिनीवर उभं असताना याचा त्रास तिचा तिलाच होतो, पण हातांवर उभं असताना बुटाची आतली कड खाली दाबली जाते आणि खालच्या मुलीचं मनगट पिळवटतं. ते तिला जाणवायचं, म्हणून ती बुटातल्या बुटात बोटं आवळून धरायची. दोन-तीन वेळा वर गेली की तळव्यात गोळा यायचा. एकदा खाली उतरल्यावर तिने बूट काढला तेव्हा बोटं वाकलेलीच होती, सरळ होईनात. मी शेजारी बसून एकेक बोट हाताने सोडवलं. त्या दिवशी तिला धरणारी मुलगी स्वतःचं मनगट चोळत उभी होती. सर, ते मनगट पाहिलं तेव्हा मला कळलं की हा प्रश्न माझ्या एकटीच्या मुलीचा नाही.

तोवर आम्हीही चुकलो होतो. एका दुकानात पाय मशीनवर ठेवून महागडे इनसोल गळ्यात मारले गेले. ते त्या पातळ, घट्ट बुटात बसेचनात. जिममध्ये कुणीतरी ‘टेप लाव आणि चढ’ म्हटलं, आणि आम्ही ते आठवडाभर ऐकलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

मग मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला चवड्यांवर उभं राहायला सांगितलं. लगेच कमान उमटली, टाच आत वळली. म्हणजे पाय लवचीक, ही चांगली खूण. पाऊल ताठर असतं, चवड्यांवरही सपाटच राहिलं असतं, तर दोन हाडं जोडली गेलीत का हे पाहावं लागलं असतं. एक्स-रेमध्ये दुसरंच निघालं: पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या माथ्यावर एक जादा हाड. ॲक्सेसरी नॅव्हिक्युलर म्हणतात. साधारण दहातल्या एका माणसाला ते असतं आणि बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. पण कमान उचलून धरणारा स्नायूबंध तिथेच येऊन चिकटतो. त्याच्यावर रोज ताण, वर बुटाची कड घासतेय, मग सूज.

सहा आठवडे वर चढणं बंद. तिने ते रडतरडत पाळलं, रोज मॅटच्या कडेला बसून टाळीवर मोजणी देत. मग साधे, तयार मिळणारे इनसोल, तेही शाळेच्या बुटात. स्टंटच्या बुटात फक्त एक पातळ पट्टी. आणि पोटऱ्या. पोटरी आखडलेली असली की टाच उचलली जाते आणि तो ताण कमान मोडून वाट काढतो, हे मला डॉक्टरांनी हाताने दाबून दाखवलं. आमच्याकडे सासूबाईंनी दिलेला लाकडी पाट आहे. त्याच्या कडेवर चवडे ठेवून ती टाचा हळू खाली सोडते, सकाळी आणि रात्री. दुसरा व्यायाम दिसायला काहीच नाही: बोटं न वाकवता चवडा टाचेकडे खेचायचा, म्हणजे कमान आपोआप वर येते. तिला ते जमायला तीन आठवडे लागले, कारण सवय बोटं आवळायचीच होती.

म्हणजे पाय मजबूत करायचा हे तुमचं बरोबर. टेकू कायमचा नको, हेही बरोबर. पण सुजलेल्या पायाला आधी विसावा द्यावा लागतो, आणि इनसोलने आम्हाला तेवढी उसंत दिली. आता ती पुन्हा वर जाते. आठवड्यातून दोनच दिवस, आणि दुखलं तर तशीच खाली येते.

शेवटी तुम्ही विचारलं होतंत, ‘पोरीला विचारलंत का?’ विचारलं. तुमची प्रतिक्रिया ऐकून तिने उलट मलाच विचारलं, की दोरी अंगठ्याच्या बेचक्यात धरणाऱ्या मुलींच्या पायात गोळे येत नाहीत का? मला उत्तर देता आलं नाही. तुमच्या मुलींना अंगठापकडीआधी पायाची काय तयारी करून घ्यायचात, ते जमेल तेव्हा इथेच लिहा. ती वाट बघतेय.