ठोके थांबेपर्यंत

आयर्लंडमधील गर्भपातबंदी उठली ती धर्माचा प्रभाव ओसरल्यामुळे, हे एका लेखातील प्रतिपादन मला अपुरे वाटते. मूळच्या बेळगावच्या दंतवैद्य सविता हालप्पनवार ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडच्या गॉलवे शहरातील रुग्णालयात दाखल झाल्या, तेव्हा त्या १७ आठवड्यांच्या गर्भवती होत्या आणि गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांनाही कळून चुकले होते. तरीही गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू आहेत, एवढ्या कारणावरून त्यांची गर्भपाताची विनंती नाकारली गेली आणि ठोके थांबेपर्यंत जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता. २८ तारखेला त्या गेल्या. वय अवघे ३१! ‘हा कॅथलिक देश आहे’ असे त्यांना सांगणाऱ्या परिचारिकेने पुढे चौकशीत त्याबद्दल खेद व्यक्त केला, पण एकट्या तिला दोष देणे अन्यायाचे होईल. १९८३ च्या आठव्या घटनादुरुस्तीने आई आणि गर्भ यांचा जगण्याचा हक्क समान ठरवला होता. त्यामुळे प्रकृतीचा धोका जिवावरचा नेमका कधी होतो, हे डॉक्टरांना रुग्णाच्या खाटेशी उभे राहून, डोक्यावर कायद्याची टांगती तलवार घेऊन ठरवावे लागे. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ही दुरुस्ती रद्द केली आणि त्यांत श्रद्धाळू कॅथलिकही होते, म्हणून याला धर्माचा पराभव म्हणणे मला पटत नाही.