नाही हो, रडत नाहीये तो!

डोळ्यांखाली तांबूस ओघळ असलेलं पांढरं छोटं कुत्रं घेऊन बाहेर पडायचा अवकाश, प्रश्न आलाच. "अय्या, हा रडतोय का?" डोक्यात जातो हा प्रश्न! कुत्री दुःख झालं म्हणून टिपं गाळत नाहीत. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायच्या ऐवजी गालावर उतरतंय, एवढंच. पण तेवढं ऐकायला थांबतंय कोण? तोवर सल्ले सुरू. पाणी बदला, खाणं बदला, भांडं स्टीलचं घ्या, पाण्यात व्हिनेगर टाका. त्याच्या डोळ्यात वाकून बघणारा मात्र एक माणूस भेटेल तर शपथ.

आणि तो तांबूस रंग म्हणजे रक्त नव्हे, घाण नव्हे, माझा आळशीपणा तर मुळीच नव्हे. पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं असतात. लाल रक्तपेशी मोडतात तेव्हा ती तयार होतात आणि कुत्र्यांमध्ये अश्रूंतून, लाळेतून बाहेर पडतात. सतत चाटलेला पंजासुद्धा तसाच तपकिरी होतो. काळ्या कुत्र्याच्याही डोळ्यातून तेच पाणी येतं, फक्त दिसत नाही. म्हणून त्याच्या मालकाला कुणी शहाणपण शिकवत नाही. नशीबवान!

रंग सोडा, पाणी वाहतं का ते विचारा ना. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात पापणीच्या कडेला बारीक छिद्रं असतात, तिथून पाणी नळीवाटे नाकात जातं. काही पिल्लांत हे छिद्र जन्मतःच उघडलेलं नसतं. कधी नळी तुंबते. कधी खालची पापणी कोपऱ्यात आत वळलेली असते आणि छिद्र दाबलं जातं. कधी पापणीच्या कडेतून उगवलेला नको तिथला केस दिवसभर बुबुळावर घासत राहतो. कोपऱ्यातल्या मांसल उंचवट्यावरचे बारीक केस तर वातीसारखं पाणी ओढून गालावर आणतात. भिंगातून नीट पाहिलं तर दिसतं हे सगळं. पण बघायचं कुणी? "या जातीत असतंच" म्हणून मोकळे! शिवाय अ‍ॅलर्जी, डोळे येणं, काचबिंदू, वरच्या दाताच्या मुळाशी झालेला पू, ही यादी वेगळीच. दात बदलायच्या वयात काही पिल्लांचं पाणी वाढतं, तेवढं आपोआप कमी होतं.

साधी तपासणी असते. डोळ्यात फ्लुरोसीन नावाच्या रंगाचा थेंब टाकायचा आणि नाकपुडीकडे बघत बसायचं. माझ्याकडच्याच्या एका नाकपुडीत काही मिनिटांत हिरवट थेंब चमकला, दुसरी कोरडी ठणठणीत. चपट्या नाकाच्या कुत्र्यांत रंग कधीकधी घशात उतरतो, त्यामुळे कोरडी नाकपुडी हा शेवटचा निकाल नाही. पण निदान कुठे शोधायचं ते तरी कळतं! ही तपासणीसुद्धा मी मागून घेतली. तोवर माझ्या हातात डाग घालवायचा लोशनच दिला जात होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

त्या डाग घालवणाऱ्या पावडरींचं तर बोलूच नका. काहींत चक्क टायलोसिन हे अँटिबायोटिक होतं, कुत्र्यांसाठी मंजुरी नसताना. २०१४ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, अशा उत्पादकांना इशाऱ्याची पत्रं धाडली. डाग फिका दिसावा म्हणून निरोगी जनावराला महिनोन्‌महिने अँटिबायोटिक चारायचं! दुसरे महाभाग डोळ्याशेजारी हायड्रोजन पेरॉक्साइड लावायला सांगतात. तुमच्या स्वतःच्या पापणीला लावून बघा आधी.

वर याच लोकांना खरी धोक्याची खूण सांगता येत नाही. एकाच डोळ्यातून अचानक पाणी यायला लागलं, कुत्रं डोळा मिटून घेतंय, पंजाने चोळतंय, तर तो डाग नव्हे. कुसळ असेल, बुबुळावर जखम असेल. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणि चपट्या तोंडाची, बटबटीत डोळ्यांची कुत्री "किती गोड" म्हणून पैदा करणारे? खोबणी उथळ, नाकावरच्या घडीचे केस थेट डोळ्यात. पाणी वाहणार नाही तर काय होणार? तिथे बऱ्याचदा एकच काम उरतं, कोपऱ्यातले केस आखूड ठेवायचे आणि रोज कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने चिपडं सोडवून जागा कोरडी करायची. नाहीतर ओल्या केसांत यीस्ट ही बुरशी वाढते, आंबूस वास सुटतो, खालची कातडी लाल होते.

तेच करत बसते मी रोज. त्यावरही ऐकायला मिळतं, "कुत्र्याचे किती ते लाड!"